हिरडीची जाडी आणि दातांचे आयुष्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हृदयविकार, मधुमेह, गुडघेदुखी अशा वजनदार विषयांच्या पंक्तीत हिरडीला एक स्वतंत्र पान वाढले गेले, याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. आपल्यापैकी बहुतेकांना सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण आटोपायचे आहे याची मला जाणीव आहे. म्हणून प्रस्तावना लांबवीत नाही.

हिरड्यांच्या रोगांविषयी आपण पुष्कळ वाचलेले असते. हिरडीतून रक्त येणे, तोंडाला वास येणे, दात हलू लागणे ही लक्षणे शाळेतल्या मुलालाही पाठ असतात. मात्र आपली हिरडी जाड आहे की पातळ, हा प्रश्न माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात कोणी आपण होऊन विचारल्याचे मला आठवत नाही. दाताचा रंग विचारतात, दात वाकडा का हे विचारतात. हिरडीची जाडी ही विचारण्याजोगी गोष्ट आहे हेच मुळी कोणाच्या ध्यानी येत नाही. वास्तविक दात घासण्याची कोणती रीत आपल्याला मानवेल, मुलीच्या दातांना तार लावताना कोणती दक्षता घ्यावी लागेल आणि साठीनंतर दातांची मुळे उघडी पडतील की झाकलेली राहतील, हे ठरविण्यात या जाडीचा वाटा मोठा असतो.

दाताचे मूळ जबड्याच्या हाडात रोवलेले असते आणि त्या हाडावर हिरडीचे आच्छादन असते. ओठांच्या बाजूने या आच्छादनाची जाडी पाहिली तर ती साधारणपणे एक मिलिमीटरच्या आसपास भरते. काहींची अर्धा मिलिमीटर, तर काहींची दीड ते दोन मिलिमीटर असते. आपल्या खिशातले बँकेचे एटीएम कार्ड सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचे असते. म्हणजे या सभागृहात बसलेल्या काही जणांची हिरडी त्या कार्डाहूनही पातळ आहे, आणि त्याच आच्छादनावर त्यांना सत्तर-ऐंशी वर्षे रोज दोन वेळा ब्रश फिरवायचा आहे.

माणसामाणसाच्या हिरडीत असा फरक असतो, हे दंतवैद्यांच्या लक्षात येऊन आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. १९६९ साली ऑक्सेनबाइन आणि रॉस या दोन अमेरिकन तज्ज्ञांनी हिरडीचे दोन ढोबळ प्रकार मांडले. एक सपाट कडेचा, जाड; दुसरा कमानदार कडेचा, पातळ. पुढे १९८९ साली सीबर्ट आणि लिंडे यांनी त्याला ‘बायोटाइप’ हे नाव दिले आणि ते रूढ झाले. २०१७ साली शिकागो येथे अमेरिका व युरोपातील हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांची संयुक्त जागतिक परिषद भरली. तिने ‘बायोटाइप’ हा शब्द बाजूला सारून ‘फिनोटाइप’ हा शब्द स्वीकारला. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. बायोटाइप म्हटले की जन्मतः मिळालेले, न बदलणारे असा भाव येतो. फिनोटाइप म्हणजे जन्मजात गुण आणि नंतरची परिस्थिती या दोहोंतून घडलेले रूप. जे घडते ते काही अंशी बदलताही येते, हे त्या शब्दाने मान्य केले.

पातळ हिरडीचा माणूस ओळखावा कसा? पुष्कळदा दातांच्या आकारावरून अंदाज येतो. दात लांबट, वर अरुंद होत गेलेले, त्रिकोणी असतील आणि हिरडीची कड उंच कमानीसारखी चढत असेल, तर हिरडी पातळ असण्याचा संभव अधिक. दात रुंद, चौकोनी आणि हिरडीची कड सपाट असेल, तर ती जाड असण्याचा संभव अधिक. तथापि हा अंदाजच होय. एकाच तोंडात वरच्या दातांपाशी जाड आणि खालच्या पुढच्या दातांपाशी पातळ हिरडी असणे मुळीच दुर्मीळ नाही. कर्नाटकातील दावणगेरे येथील संशोधकांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांची, तरुणांच्या तुलनेत वयाने मोठ्या असणाऱ्यांची आणि वरच्या जबड्याच्या तुलनेत खालच्या जबड्याची हिरडी पातळ असल्याचे त्यांना आढळले. अभ्यास लहान होता, पण तो आपल्या शेजारच्या मुलखातील माणसांचा आहे म्हणून मी त्याचा उल्लेख करतो.

नक्की निदानाची रीत फार सोपी आहे. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत आम्ही प्रोब नावाची बोथट टोकाची, खुणा केलेली बारीक सळई अलगद घालतो. सळईची करडी छाया हिरडीतून दिसली, तर हिरडी एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीची, म्हणजे पातळ. दिसली नाही, तर जाड. याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही आणि वेगळा खर्चही नाही. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांत नैसर्गिक काळसर रंग असतो. तो रोग नव्हे, त्वचेचा रंग असतो तसाच तो हिरडीचा. परंतु त्या रंगामुळे सळई झाकली जाऊन पातळ हिरडी जाड भासू शकते. अशा वेळी हिरडी बधिर करून बारीक सुईने जाडी मोजता येते. घरी आरशासमोर टाचणी घेऊन हा प्रयोग कृपया कोणी करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पातळ हिरडी म्हणजे रोगी हिरडी आणि जाड हिरडी म्हणजे निरोगी हिरडी, असा निष्कर्ष आपण काढला असेल तर तो चुकीचा आहे. दोन्ही प्रकारच्या हिरड्या संपूर्ण निरोगी असू शकतात. फरक दिसतो तो इजा झाल्यावर किंवा सूज आल्यावर.

दाताच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचला की हिरडीत सूज येते. ही सूज हिरडीच्या आतल्या बाजूने काही अंतरापर्यंत ऊतक पोखरते. हिरडी पातळ असेल तर पोखरण्याजोगे फारसे काही नसतेच. आतली आणि बाहेरची त्वचा एकमेकींना येऊन भिडतात आणि हिरडीची कड मुळाकडे सरकते. दात लांब दिसू लागतो, थंड पाणी लागले की कळ येते, माणूस घाबरतो आणि दवाखान्यात येतो. जाड हिरडीत मात्र सूज आतल्या आत राहते. बाहेरची भिंत उभीच असते, कड जागची हलत नाही, आणि आत दात व हिरडी यांच्यामध्ये खोल कप्पा तयार होऊन हाड झिजत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला सारे ठीक दिसते. पातळ हिरडी बोभाटा करते आणि जाड हिरडी सोसत राहते, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. माझ्या अनुभवात दात हलू लागल्यावरच पहिल्यांदा येणारे रुग्ण बहुधा जाड हिरडीचे असतात. त्यात तंबाखूची सवय असेल तर रक्तही कमी येते, कारण तंबाखूमुळे हिरडीतील रक्तप्रवाह मंदावतो. म्हणजे इशारा देणारा शेवटचा पहारेकरीही झोपी जातो. सप्तव्यसनांच्या यादीत तंबाखूचे नाव नाही, हे कारण सांगून सुपारीबरोबर ती चघळणारे काही मित्र आपल्यातही आहेत, म्हणून हे बोलून ठेवले.

याच संदर्भात एका गाजलेल्या अभ्यासाची माहिती देतो. हॅराल्ड लो हे हिरडीशास्त्रातील एक थोर नाव. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९-७० पासून पुढे सुमारे वीस वर्षे दोन समूहांचा पाठपुरावा केला. एक समूह नॉर्वेतील सुशिक्षित पुरुषांचा, जे नेमाने दात घासत आणि नेमाने दंतवैद्याकडे जात. दुसरा श्रीलंकेच्या चहामळ्यांतील मजुरांचा, ज्यांना दंतसेवा म्हणून काही ठाऊकच नव्हते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चाळिशी गाठेपर्यंत मजुरांपैकी जवळपास प्रत्येकाची हिरडी कुठे ना कुठे सरकलेली होती, आणि ती दाताच्या सर्व बाजूंनी. त्याचे आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य नॉर्वेचे आहे. तेथेही पन्नाशीपर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक पुरुषांत हिरडी सरकलेली आढळली, पण प्रामुख्याने गालाओठांकडील बाहेरच्या बाजूला, म्हणजे जेथे ब्रशचा जोर पोहोचतो तेथे. मजुरांचे नुकसान अस्वच्छतेने झाले. नॉर्वेकरांच्या बाबतीत स्वच्छतेच्या अतिरेकाचा हात असावा, असे मानायला जागा आहे.

आपला समाज स्वच्छतेच्या बाबतीत नॉर्वेच्या पंक्तीला बसणारा आहे. आपल्या घरांतील ज्येष्ठ श्राविकांचे सोवळे, पाणी गाळण्यातील काटेकोरपणा आणि स्वयंपाकघरातील नेटकेपणा सर्वपरिचित आहे. हाच काटेकोरपणा हातात ब्रश आला की जोरात उतरतो. पुढे हिरडी सरकली की घरातले वडीलधारे म्हणतात, ‘नीट घासत नाहीस म्हणून असे झाले.’ मग बिचारी सून आणखी जोरात घासते. पातळ हिरडीच्या माणसाला दिलेला याहून घातक सल्ला दुसरा नाही. कडक केसांचा ब्रश, आडवा घासा आणि वरून दात चकचकीत व्हावेत म्हणून खरखरीत दंतमंजन, हे त्रिकूट जमले की हिरडी मागे जाते आणि उघड्या पडलेल्या मऊ मुळावर करवतीने कापावी तशी खाच पडते. मिश्री लावणाऱ्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि हिरडीपेक्षा मोठा धोका तिच्यात आहे.

ब्रश कसा असावा, याबाबत मी केसांच्या मऊपणाला सर्वाधिक महत्त्व देतो. येथे एक ऐतिहासिक तपशील सांगण्याचा मोह आवरत नाही. पूर्वी पाश्चात्त्य ब्रशचे केस डुकराच्या राठ केसांपासून बनत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला. आपल्या आजोबा-पणजोबांनी विलायती ब्रशला नकार देऊन बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी धरली, त्यामागे केवळ जुने वळण नव्हते. आज ती अडचण उरलेली नाही. काडी वापरणाऱ्यांनी मात्र ती नीट चावून कुंचल्यासारखी मऊ करावी आणि आडवी ओढू नये.

ब्रश लेखणीसारखा बोटांत धरावा, मुठीत धरू नये. मुठीत धरला की मनगटाचा आणि खांद्याचा सगळा जोर हिरडीवर उतरतो. केस हिरडीच्या कडेवर तिरके टेकवून जागच्या जागी अगदी हलके कंप द्यावेत आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ब्रश फिरवीत आणावा. दोन मिनिटे पुरेत. ब्रशचे केस महिन्याभरात पसरून फुलासारखे झाले, तर जोर अधिक होतो आहे असे समजावे. आपल्या परंपरेत चालताना, बोलताना, वस्तू उचलता-ठेवताना जी ‘यतना’ सांगितली आहे, तीच हातात ब्रश असताना आठवली तर मला याहून अधिक सांगावे लागणार नाही. जाड हिरडीच्या मंडळींनी ही रीत तर पाळावीच, पण दोन दातांमधल्या फटीही बारीक ब्रशने रोज स्वच्छ कराव्यात आणि वर्षातून एकदा कप्प्यांची खोली मोजून घ्यावी. ‘माझ्या हिरड्या घट्ट आहेत’ या समाधानावर विसंबू नये.

आता उपवासांविषयी. हा प्रश्न पर्युषणाच्या आधी दरवर्षी विचारला जातो. अठ्ठाई किंवा दशलक्षणातील उपवास करणारी अनेक मंडळी त्या काळात ब्रश, दंतमंजन वापरीत नाहीत. काही पाण्याने चूळही भरत नाहीत. आपल्या मुनिराजांच्या अठ्ठावीस मूलगुणांत तर ‘अदंतधावन’ हा एक मूलगुणच आहे. व्रताचे नियम काय असावेत, हे सांगण्याचा अधिकार गुरुमहाराजांचा आहे. तो माझा विषय नाही. हिरडीवर काय परिणाम होतो, एवढेच मी सांगू शकतो. याच हॅराल्ड लो यांनी १९६५ साली डेन्मार्कमधील आरहूस येथे एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात स्वच्छ करणे पूर्णपणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरडीला सूज आली. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात ती सूज ओसरली आणि हिरड्या पूर्ववत झाल्या. त्यातील मंडळी उपवास करीत नव्हती, हे खरे. निर्जल उपवासात लाळ कमी होऊन तोंड कोरडे पडते, हेही खरे. तरीही मला त्यातून एक दिलासा दिसतो. मूळच्या निरोगी हिरडीचे आठ-दहा दिवसांनी कायमचे नुकसान होत नाही. जिच्या हिरडीत आधीच कप्पे आहेत, किटण साचलेले आहे किंवा जिला मधुमेह आहे, अशा व्यक्तीला मात्र हा दिलासा लागू नाही. तिने व्रतापूर्वी दोन-तीन आठवडे आधी दात साफ करून घ्यावेत, आणि मधुमेह असल्यास उपवासाविषयी आपल्या वैद्यांना विचारावे. मासक्षमणासारख्या दीर्घ तपात हिरडी सुजणार, रक्त येणार, हे गृहीत धरून चालावे आणि पारण्यानंतर घाबरून न जाता तपासणी करून घ्यावी.

पातळ हिरडीच्या तपस्व्यांना एक खास विनंती. पारण्याच्या दिवशी दहा दिवसांची कसर भरून काढण्यासाठी जोर लावून घासू नका. त्या दिवशी हिरडी सुजलेली व नाजूक असते, आणि ती मागे सरण्याचा धोका तेव्हाच अधिक. पहिले तीन-चार दिवस अतिशय मऊ ब्रश, हलका हात आणि कोमट पाण्याच्या चुळा एवढेच असावे. थोडे रक्त दिसले म्हणून घासणे बंदही करू नये.

दातांना तार लावण्याविषयी थोडक्यात सांगतो. दात पुढे, ओठांच्या दिशेने सरकवायचा असेल आणि तेथील हिरडी पातळ असेल, तर तिच्याखालचे हाडही बहुधा पातळ असते. दात त्या पातळ भिंतीबाहेर ढकलला गेला की हिरडी खाली उतरते. विवाह ठरण्याच्या सुमारास घाईने तारा लावण्याची जी पद्धत पडली आहे, तीत ही तपासणी राहून जाते. तार लावण्यापूर्वी हिरडीची जाडी पाहिली का, एवढा एक प्रश्न पालकांनी विचारावा. कॅप बसवितानाही तिची कड पातळ हिरडीच्या आत खोल नेली, तर काही वर्षांत हिरडी सरून ती कड उघडी पडू शकते.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. जाडी वाढविता येते का? येते. सरलेली हिरडी पुन्हा वर आणून मूळ झाकता येते आणि तेथील आच्छादन जाडही करता येते. त्यासाठी लहानशी शस्त्रक्रिया असते. टाळूच्या आतल्या थरातील संयोजी ऊतकाची पातळ पट्टी काढून ती हिरडीखाली बसविण्याची जी पद्धत १९८५ साली लँगर आणि लँगर यांनी मांडली, ती आजही या कामातली प्रमाण पद्धत मानली जाते. दोन दातांमधले हाड व हिरडी शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकले जाण्याची आशा बाळगता येते. ते आधीच झिजले असेल तर अपेक्षा कमी ठेवाव्या लागतात. प्रत्येक सरलेल्या हिरडीला शस्त्रक्रिया लागते असे नाही. कळ नाही, खाच वाढत नाही, हिरडी वर्षानुवर्षे स्थिर आहे, तर हात सुधारणे आणि लक्ष ठेवणे एवढे पुरते.

मात्र शस्त्रक्रिया ठरली, की आपल्यासाठी एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. एका वयोवृद्ध श्राविकेने शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मला विचारले, ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही आत काय घालणार आहात? ते कोणत्या जीवाचे?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा, म्हणून मी त्याचे उत्तर येथे सविस्तर देतो.

टाळूतून पट्टी काढणे टाळण्यासाठी बाजारात तयार पर्याय मिळतात. हिरडी जाड करण्यासाठी वापरले जाणारे कोलॅजनचे तयार पटल पुष्कळदा डुकरापासून बनविलेले असते. पेशीविरहित त्वचेचे पटल मृत मानवी दात्याच्या किंवा डुकराच्या त्वचेचे असते. हाड भरण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी भुकटी गोवंशाच्या हाडांपासून तयार होते. टाळूची जखम झाकण्यासाठी जो स्पंज ठेवतात, तो बहुधा जिलेटिनचा, म्हणजे प्राण्यांची कातडी-हाडे यांपासून मिळणाऱ्या पदार्थाचा असतो. टाके घालण्याच्या दोऱ्यांत कॅटगट हा मेंढ्या किंवा गुरांच्या आतड्यांच्या थरापासून होतो. काळा रेशमी धागा रेशीमकिड्यांचा, आणि तो कसा मिळतो हे आपल्याला सांगायला नको. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या औषधाच्या कॅप्सूलचे वेष्टनही पुष्कळदा जिलेटिनचेच असते.

ही यादी ऐकून अस्वस्थ होणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रत्येकाला पर्याय आहे. टाक्यांसाठी नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा अतिशय बारीक कृत्रिम धागा मिळतो, आणि हिरडीच्या नाजूक कामाला मला तोच अधिक पसंत आहे. विरघळणारे कृत्रिम धागेही आहेत. त्यांच्यावरील लेपाविषयी मात्र उत्पादकाकडे चौकशी करावी लागते. टाळूची जखम पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीने झाकता येते. रुग्णाच्याच दंडातून थोडे रक्त काढून, यंत्रात फिरवून त्यातून फायब्रिनचे पटल तयार करता येते. ही पद्धत २००१ साली फ्रान्समध्ये पुढे आली. हाडाच्या जागी कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट किंवा जैवसक्रिय काच वापरता येते. कॅप्सूलऐवजी गोळी मागता येते. गोळीतील पूरक घटकांविषयीही औषधविक्रेत्याकडे विचारणा करावी.

आणि येथे एक गोष्ट मी जोर देऊन सांगतो. अहिंसेचा आग्रह धरला की उपचार दुय्यम दर्जाचा स्वीकारावा लागतो, असा एक समज सुशिक्षितांतही आहे. हिरडी जाड करण्याच्या शस्त्रक्रियेपुरता तरी तो खरा नाही. येथे आजवरच्या अभ्यासांत सर्वांत खात्रीचे ठरलेले साहित्य म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या टाळूचे ऊतक. डुकराच्या कोलॅजनचा गुण एवढाच, की दुसरी जखम होत नाही आणि त्रास कमी होतो. त्या श्राविकेला मी हेच सांगितले. टाळूला आठ-दहा दिवस दुखेल, तिखट खाता येणार नाही, पण आत घातलेले सारे तुमचेच असेल. त्यांनी ते स्वीकारले. खोल हाडझीज भरण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र निवड इतकी सरळ नसते. तेथे प्राणिजन्य साहित्याचा अनुभव अधिक आहे हे मी लपवीत नाही. निर्णय रुग्णाचा, पूर्ण माहिती देणे हे आमचे काम. आणि डॉक्टरांनी आपण होऊन सांगितले नाही, तर संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारणे हा आपला हक्क आहे.

व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न व त्यांची उत्तरे स्मरणिकेच्या वाचकांसाठी येथे देत आहे.

हिरडीला तेल किंवा मलम चोळल्याने जाडी वाढते का, असा एक प्रश्न होता. नाही. बोटाने हलके चोळल्याने बरे वाटते, त्यास हरकत नाही. पण जाडी वाढविणारे मलम किंवा तेल अस्तित्वात नाही. तसा दावा करणारी बाटली विकत घेऊ नये.

दुसरा प्रश्न एका आईचा होता. आठ वर्षांच्या मुलाच्या खालच्या एका पुढच्या दाताची हिरडी सरकलेली दिसते, लगेच शस्त्रक्रिया करावी का? बहुधा नाही. लहान वयात नवे दात येताना असे दिसते, आणि स्वच्छता नीट राखली तर वाढीबरोबर ते पुष्कळदा सुधारते. दर सहा महिन्यांनी छायाचित्र घेऊन तुलना करावी. प्रौढांत सरलेली हिरडी अशी आपण होऊन परत येत नाही.

तिसरा प्रश्न टूथपेस्टविषयी होता. ग्लिसरीन वनस्पतीचे की प्राण्याचे, हे नळीवरील घटकांच्या यादीवरून कळत नाही. नळीवर हिरवा ठिपका असेल तर ती निवडावी. नसेल तर कंपनीच्या ग्राहक कक्षाला विचारणा करावी. आणि पातळ हिरडीच्या व्यक्तींनी दात पांढरेशुभ्र करण्याचा दावा करणारी खरखरीत पेस्ट टाळावी, मग तिच्यावर कोणताही ठिपका असो.